दगडी बांधातला डबा आणि खसखशीएवढी गोचीड

२ मे २००० रोजी भारतात सकाळचे साडेनऊ वाजले, त्या सुमारास जगभरातल्या जीपीएस यंत्रांची नजर अचानक साफ झाली. तोपर्यंत अमेरिकेचे संरक्षण खाते उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातले यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने हा गोंधळ बंद झाला आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यातल्या एका रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात काही पुस्तके, संगणकाच्या प्रणाली, एक गलोल, घेवड्याचा एक डबा आणि वही-पेन्सिल असा ऐवज होता. बादलीचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर टाकले आणि लिहिले, की शोधा, सापडले तर काहीतरी घ्या आणि काहीतरी ठेवा. काही दिवसांतच ती बादली सापडली.

त्या महिन्याच्या अखेरीस या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळाले. यातल्या ‘कॅश’चा रोकडीशी संबंध नाही, लपवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. बहुतेक खंडांत, शहरांच्या बागांत, डोंगरांवर, पुलांखाली. यातले फार मोठे प्रमाण अमेरिका आणि युरोपात आहे आणि त्यातही हा खेळ विशेष रमतो तो जुन्या शेतांवर, जी आता संरक्षित जमिनी म्हणून लोकांना फिरण्यासाठी खुली झाली आहेत.

बोस्टन परिसरात राहणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आईवडील मुलांकडे जातात, नातवंडांना सुट्टी असते आणि रविवारी ‘चला आजोबा, खजिना शोधायला’ अशी टूम निघते. ही टूम प्रकृतीला उत्तम आहे. मात्र त्या रानात, डबा जिथे लपवलेला असतो नेमक्या त्याच ठिकाणी, एक बारीकसा धोकाही लपलेला असतो. तो समजून घ्यायचा तर आधी ती जमीन समजून घ्यायला हवी.

नऊ पिढ्यांचे शेत

मॅसॅच्युसेट्स राज्यात बोस्टनच्या उत्तरेला, गाडीने तासाभराच्या अंतरावर, इप्सविच आणि हॅमिल्टन या गावांच्या हद्दीत ‘अ‍ॅपल्टन फार्म्स’ हे शेत आहे. इंग्लंडहून आलेल्या सॅम्युअल अ‍ॅपल्टन यांना १६३० च्या दशकात ही जमीन मिळाली. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच दशकात. त्यानंतर नऊ पिढ्या हे शेत एकाच घराण्याकडे होते. अमेरिकेत अखंड कसल्या जाणाऱ्या सर्वांत जुन्या शेतांपैकी हे एक. १९९८ साली घराण्याने ते ‘द ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ या संस्थेला देऊन टाकले. १८९१ साली चार्ल्स इलियट या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने स्थापन झालेली ही संस्था जमिनी विकत किंवा दान घेऊन त्या लोकांसाठी कायमच्या राखून ठेवते. इंग्लंडचा प्रसिद्ध ‘नॅशनल ट्रस्ट’ तिच्यानंतर चार वर्षांनी, तिचाच कित्ता गिरवत उभा राहिला.

आज इथे गाई चरतात, भाजीपाला पिकतो, गवत कापले जाते आणि बाजूने लोक फिरतात. मोठमोठी कुरणे आहेत आणि जंगलातून काढलेल्या रुंद गवताळ वाटा आहेत. या वाटा जिथे एकत्र येतात तिथे ग्रॅनाइटचा एक कोरीव कळस उभा दिसतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या गोर हॉल या जुन्या ग्रंथालयाची इमारत १९१३ साली पाडली, तेव्हाचा तो अवशेष. रानाच्या मधोमध ग्रंथालयाचा कळस पाहून नवखा माणूस चकित होतो. खजिना लपवणाऱ्यांना अशाच जागा हव्या असतात, कारण डबा हे निमित्त असते आणि जागा दाखवणे हा हेतू.

चंद्रापर्यंत पोहोचतील एवढे गडगे

अशा कोणत्याही शेतावर फिरताना लगेच नजरेत भरतात त्या दगडी भिंती. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड रचलेले. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तोच प्रकार. फरक इतकाच, की कोकणातला गडगा बहुधा जांभ्याचा आणि घराच्या परड्याभोवती असतो. इथले गडगे ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडांचे आणि अनेकदा घनदाट जंगलाच्या मधोमध असतात. जंगलात कुंपण कोण घालेल?

उत्तर असे, की भिंत घातली तेव्हा तिथे जंगल नव्हते. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी न्यू इंग्लंडच्या मातीत अगणित दगड सोडले. युरोपीय वसाहतवाल्यांनी झाडे तोडली, नांगर घातला आणि दर हिवाळ्यात माती गोठून-वितळून खालचे दगड वर येऊ लागले. दर वसंतात शेतकरी ते वेचून बांधावर टाकत आणि पुढे त्यांच्याच भिंती रचत. १८७१ च्या सुमारास अमेरिकी कृषी खात्याने केलेल्या पाहणीवरून पुढे असा अंदाज बांधला गेला, की न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क मिळून अशा भिंतींची लांबी २ लाख ४० हजार मैल भरेल. पृथ्वी ते चंद्र अंतरही साधारण तेवढेच आहे.

मग १८२५ साली ईरी कालवा खुला झाला, त्यापाठोपाठ रेल्वे आली आणि मध्य-पश्चिमेच्या सुपीक, बिनदगडाच्या जमिनीवरचे धान्य स्वस्तात येऊ लागले. दगडाळ शेती परवडेना. लोक गिरण्यांकडे किंवा पश्चिमेकडे निघून गेले. शेते ओस पडली, आधी झुडपे आणि मग पाइन व ओकची झाडे उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जिथे क्षितिजापर्यंत कुरणे दिसत, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये आज निम्म्याहून जास्त भूभागावर जंगल आहे. भिंती मात्र जागच्या जागी राहिल्या. त्यांच्या फटी म्हणजे डबा लपवायला आयती कोनाडी.

उपग्रहापासून बोटांपर्यंत

खेळ कसा चालतो ते पाहू. डबा लपवणारा त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो. शोध किती अवघड आणि वाट किती खडतर, याला एक ते पाच असे गुण देतो. जमीनमालकाची परवानगी घेणे हा खेळाचा नियम आहे. डब्यात खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, कारण प्राणी वासाने येऊन डबा फोडतात. डबा खणून पुरायचा नाही. शोधणाऱ्याने वहीत नाव-तारीख लिहायची, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा परत लपवायचा. ज्यांना या खेळाचा पत्ता नाही अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांना खेळाडू गमतीने ‘मगल’ म्हणतात. हा शब्द हॅरी पॉटरच्या गोष्टींमधून उचललेला आहे.

स्थान सांगण्याची पद्धत मात्र थेट भूगोलाच्या पुस्तकातली आहे. अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश तीन स्थळांपर्यंत. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर, म्हणजेच एक सागरी मैल. त्यामुळे तिसऱ्या दशांश स्थळातला एक आकडा बदलला तर जागा सुमारे १ मीटर ८५ सेंटिमीटर सरकते. एवढी बारीक नोंद २०,००० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या भरवशावर केली जाते. हातातले यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश पकडते आणि प्रत्येक संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो, तेव्हा घड्याळे किती अचूक हवीत याची कल्पना यावी. आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसाला दहा किलोमीटरच्या आसपास चूक साचत जाईल.

इतके सगळे करूनही मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंतच खात्री देतो. दाट झाडीत संदेश पानांत अडकतात, खडकांवरून परावर्तित होऊन येतात आणि चूक वाढते. म्हणून उपग्रह तुम्हाला भिंतीपाशी आणून सोडतो. पुढचे आठ-दहा मीटर तुमचे. कुठला दगड जरा उपरा वाटतो? कुठल्या ढोलीतली पाने नैसर्गिक दिसत नाहीत? इथे मोबाइल खिशात ठेवावा लागतो. खेळातली खरी गंमत इथेच आहे.

मेंदूचा नकाशा जागा ठेवण्यासाठी

या शेवटच्या आठ-दहा मीटरला आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग जागा लक्षात ठेवण्याचे आणि वाट शोधण्याचे काम करतो. आपण कुठे आहोत हे नोंदवणाऱ्या तिथल्या पेशींच्या शोधाबद्दल जॉन ओ’कीफ यांना २०१४ चे नोबेल विभागून मिळाले. लंडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांना सोहो भागातल्या गल्ल्यांतून आभासी वाट काढायला लावली. स्वतः वाट शोधताना नवीन गल्लीत शिरताच त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधली हालचाल वाढत होती. यंत्राच्या सूचनांनुसार ‘डावीकडे वळा, उजवीकडे वळा’ करत जाताना ती वाढ दिसली नाही. म्हणजे यंत्र बोट धरून नेते तेव्हा मेंदूचा हा भाग निवांत बसतो.

जिओकॅशिंगमध्ये यंत्र दिशा आणि अंतर सांगते, पण वाट सांगत नाही. समोर ओढा असेल, कुंपण असेल, गाईंचे कुरण असेल. वळसा कुठून घ्यायचा हे आपणच ठरवायचे. नकाशा, दिशा, खुणा यांचा मेळ घालायचा. हे काम शाळकरी नातवाला जितके उपयोगी, तितकेच साठी ओलांडलेल्या आजोबांना.

चालण्याचा फायदा वेगळा सांगायला नको. मात्र रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. २०२२ साली पंधरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात साठीपुढच्या लोकांमध्ये सहा ते आठ हजार पावलांपर्यंत मृत्यूचा धोका कमी होत जातो आणि पुढे फारसा फरक पडत नाही असे दिसले. शेतावरची दोन-तीन तासांची फेरी सहज तेवढी होते. शिवाय पायाखालची जमीन सपाट नसते, त्यामुळे तोल सांभाळणाऱ्या स्नायूंनाही काम मिळते.

निसर्गात चालण्याचा मनावर होणारा परिणामही तपासला गेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परिसरात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३८ निरोगी व्यक्तींपैकी काहींना दीड तास माळरानात चालायला सांगितले आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. माळरानात फिरून आलेल्यांच्या मनातले तेच ते नकोसे विचार घोळवणे कमी झाले होते. रस्त्याने गेलेल्यांचे तसेच राहिले. प्रयोग लहान आहे, त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मुलाच्या घरी दिवसभर चार भिंतींत बसून कंटाळलेल्या आईवडिलांना हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

गडग्यातला पाहुणा

आता धोक्याकडे वळू. शेते ओस पडून जंगल परतले, त्याबरोबर हरणेही परतली. एकेकाळी शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे ती या भागातून जवळपास संपली होती. लांडग्यांसारखे शिकारी प्राणी मात्र परतले नाहीत. पुढे जंगलालगत घरे झाली, जमिनीचे तुकडे पडले. हरणांना आणि उंदरांना अशी जंगलाची किनार फार मानवते. त्यांच्याबरोबर वाढली काळ्या पायांची गोचीड.

१९७५ च्या सुमारास कनेक्टिकट राज्यातल्या लाइम या गावात आणि आसपास कित्येक मुलांचे गुडघे सुजू लागले. एवढ्या लहान वस्तीत इतक्या मुलांना संधिवात कसा, असा प्रश्न तिथल्या आयांनी लावून धरला, तेव्हा डॉक्टरांनी शोध सुरू केला. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने गोचिडीच्या पोटात मळसूत्राच्या आकाराचे जिवाणू शोधले. त्यांना त्यांचेच नाव मिळाले आणि आजाराला गावाचे. ‘लाइम डिसीज’ हा आज अमेरिकेतला गोचिडींमुळे होणारा सर्वांत मोठा आजार आहे. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार दर वर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर त्यासाठी उपचार केले जातात.

या गोचिडीचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे. तेवढ्यात ती तीनदा रक्त पिते. अंड्यातून बाहेर पडताना तिच्यात हे जिवाणू नसतात. पहिले जेवण बहुधा पांढऱ्या पायांच्या उंदरावर होते आणि जिवाणू तिथून मिळतात. दुसऱ्या अवस्थेतले पिल्लू जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढे असते. माणसाला बहुतेक वेळा हेच चावते, कारण ते दिसत नाही, खाजत नाही, दुखत नाही. मे ते जुलै हा त्याचा मोसम. पूर्ण वाढलेली मादी तिळाएवढी असते आणि तिचे शेवटचे जेवण हरणावर होते.

आता जिओकॅशिंग करणारा काय करतो ते आठवा. मे ते जुलै या सुट्टीच्या दिवसांत तो पायवाट सोडतो, पाचोळ्यात गुडघे टेकतो आणि दगडी भिंतीच्या फटीत हात घालतो. पाचोळ्यात ओल टिकते, ती गोचिडीला जगायला लागते. गडग्याच्या फटींत उंदरांची बिळे असतात. म्हणजे खजिन्याची जागा आणि गोचिडीची जागा एकच. त्यातच या भिंतींवर पॉयझन आयव्ही नावाचा वेल चढलेला असतो. एका देठावर तीन पाने ही त्याची खूण. त्याच्या चिकातला उरुशिओल हा पदार्थ कातडीला लागला की एक-दोन दिवसांत पुरळ आणि फोड येतात. आपल्याकडे बिब्बा उततो तसेच हे आहे, आणि ते काही योगायोगाने नाही. पॉयझन आयव्ही, बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

सावळ्या कातडीवरचा चट्टा

गोचीड चावली म्हणजे लाइम झालाच असे नाही. सगळ्या गोचिडींमध्ये जिवाणू नसतात आणि असले तरी ते माणसाच्या अंगात शिरायला साधारणपणे चोवीस तासांहून अधिक वेळ गोचीड चिकटलेली असावी लागते. म्हणून त्याच दिवशी ती शोधून काढणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय.

लागण झालीच, तर तीन ते तीस दिवसांत चावल्याच्या जागी चट्टा उमटतो आणि तो हळूहळू पसरतो. सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत तो दिसतो. सोबत ताप, थकवा, अंगदुखी असते. पुस्तकांत या चट्ट्याची छायाचित्रे लालभडक, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळे असलेली दिसतात. पण ती बहुतेक गोऱ्या कातडीवरची आहेत. सावळ्या कातडीवर तोच चट्टा तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो, खरचटल्याच्या किंवा मार लागल्याच्या डागासारखा. त्यातले वर्तुळ बऱ्याचदा उठूनही दिसत नाही. त्यामुळे सावळ्या वर्णाच्या लोकांमध्ये निदान उशिरा होते, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्याही लक्षात आले आहे. आपल्या लोकांसाठी ही बाब फार महत्त्वाची आहे.

दुसरी अडचण परतीच्या प्रवासाची. ऑगस्टमध्ये फेरी केलेले आजोबा सप्टेंबरात पुण्याला परततात. ऑक्टोबरात थकवा येतो, काही महिन्यांनी एक गुडघा सुजतो किंवा तोंडाची एक बाजू वाकडी होते. इथल्या डॉक्टरांसमोर साठीचा माणूस सुजलेला गुडघा घेऊन येतो, तेव्हा वयोमानाचा संधिवात हेच निदान आधी सुचणार. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, कारण हा आजार इथे नेहमीच्या पाहण्यातला नाही. म्हणून रुग्णानेच आपणहून सांगायला हवे: ‘उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात होतो, रानात फिरलो, गोचीड चावली असेल.’ हे एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकते. पहिल्या काही आठवड्यांत रक्ताची तपासणी नकारात्मक येऊ शकते, कारण प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो. अशा वेळी चट्टा आणि प्रवासाचा इतिहास यांवरच डॉक्टर निर्णय घेतात. वेळेत सुरू केलेल्या प्रतिजैविकांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. दुर्लक्ष झाले तर सांधे, मज्जासंस्था आणि हृदयाच्या ठोक्यांची लय यांना त्रास पोहोचतो.

माणसापासून गवताला

धोका एकतर्फी नाही. माणसाच्या पावलांपासून त्या जमिनीलाही धोका असतो. अशा शेतांवरच्या मोठ्या कुरणांत बोबोलिंक नावाचा पक्षी जमिनीवर, गवतात घरटे करतो. नराचे पोट काळे आणि पाठ पांढरट, जणू कोट उलटा घातला आहे. हा चिमुकला पक्षी हिवाळ्यात थेट दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना-पॅराग्वेपर्यंत जातो आणि वसंतात परततो. जाऊन-येऊन सुमारे वीस हजार किलोमीटर. भातावर ताव मारतो म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातच ‘भातखाऊ’ असा अर्थ आहे.

अंडी घालण्यापासून पिल्ले उडेपर्यंत त्याला महिनाभराची शांतता लागते. पूर्वी गवत जुलैत कापत असत, तोवर पिल्ले उडालेली असत. आता जनावरांना कोवळे, पौष्टिक गवत मिळावे म्हणून कापणी मे-जूनमध्ये होते आणि यंत्राखाली घरटी जातात. बोबोलिंकांची संख्या गेल्या काही दशकांत घसरण्यामागे हे एक मोठे कारण आहे. म्हणून संवर्धनासाठी राखलेल्या कित्येक शेतांवर ठरावीक कुरणांची कापणी उशिरा करतात आणि त्या काळात लोकांना व कुत्र्यांना पायवाटेवरच राहायला सांगतात. कुरणाच्या मधोमध लपवलेला एक डबा ही सगळी काळजी वाया घालवू शकतो. वीस शोधक एकाच जागी गेले की गवतात नवी वाट पडते आणि त्या वाटेने कोल्हा-रॅकून घरट्यापर्यंत पोहोचतात. भिंतीतला दगड हलवून तिथेच टाकून देणारे महाभागही असतात. दोनशे वर्षे उभा असलेला गडगा दोन मोसमांत ढासळतो.

खेळाडूंनीच यावर काही उपाय काढले आहेत. डबा पायवाटेवरून हात पोहोचेल अशा अंतरावर ठेवायचा. जाताना पिशवी न्यायची आणि वाटेतला कचरा उचलून आणायचा. हा उपक्रम २००२ पासून चालतो. जिथे डबा ठेवणेच योग्य नाही तिथे ‘अर्थकॅश’ असते. शोधकाला फक्त जागा दिली जाते आणि तिथला खडक किंवा भूरचना पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. न्यू इंग्लंडमधल्या हिमनदीने ओरखडलेल्या एका खडकासमोर उभे राहणे हाच तिथला खजिना.

आपल्याकडचा धडा

गोचीड, पाचोळा आणि जमिनीचा बदललेला वापर ही गोष्ट अमेरिकेपुरती नाही. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. तो विषाणू गोचिडींतून येतो. आपण त्याला माकडताप म्हणतो. २०१५ साली तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात पोहोचला. तिथे काजू वेचायला बागेत जाणारी, पातेरा गोळा करणारी, गुरे चारणारी माणसे आजारी पडली. जंगलाच्या किनारीला लागून बाग, बागेत पाचोळा, पाचोळ्यात गोचीड आणि त्याच वेळी काजूचा हंगाम. मॅसॅच्युसेट्सच्या गडग्यापाशी जे जुळून येते तेच इथे जुळून येते. फरक असा, की तिथे हात खेळ म्हणून घातला जातो आणि इथे पोटासाठी. लाइमवर प्रतिजैविके आहेत. माकडतापावर तसे नेमके औषध नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. म्हणून मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य किंवा वन विभागाला कळवणे आणि बागेत जाताना अंग झाकणे, हे दोडामार्गच्या शेतकऱ्याला अमेरिकेतल्या खेळाडूपेक्षा अधिक गरजेचे आहे.

फेरीला निघताना

खालच्या गोष्टी बोस्टनच्या शेतावर लागू आहेत आणि सह्याद्रीच्या पायवाटेवरही बऱ्याच अंशी उपयोगी आहेत.

१. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पूर्ण पँट घाला. पँटची टोके मोज्यांत खोचा. दिसायला विचित्र वाटेल, पण फिकट कापडावर खसखशीएवढी गोचीडही चटकन दिसते.

२. कीटकांना दूर ठेवणारे मलम उघड्या अंगाला लावा. पर्मेथ्रिन हे औषध फक्त कपड्यांसाठी आहे, ते कातडीला लावू नका.

३. भिंतीच्या फटीत हात घालण्याआधी काठीने चाचपा. तीन पानांचा वेल दिसला तर डबा सोडून द्या. चीक लागल्याची शंका आली तर लगेच साबणाने भरपूर पाण्यात धुवा.

४. घरी आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा. काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी, कानामागे, केसांत आणि बेंबीत नीट पाहा. लहान मुलांचे मोठ्यांनी पाहावे आणि आजी-आजोबांचे एकमेकांनी. कपडे गरम हवेच्या यंत्रात दहा मिनिटे वाळवले की गोचिडी मरतात. आधी धुतले असतील तर जास्त वेळ लागतो.

५. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, जळती काडी, चुना यांतले काही लावू नका. त्यात वेळ जातो आणि गोचीड आणखी चवताळते. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. चावल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवले तर लागण टाळणारे औषध द्यायचे की नाही हे ते ठरवू शकतात.

६. पुढचा महिनाभर त्या जागेकडे लक्ष ठेवा. पसरणारा कोणताही डाग दिसला, मग तो लाल नसला तरी, त्याचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. भारतात परतल्यावरही प्रवासाची माहिती न विचारता सांगा.

७. पायवाट सोडू नका. दगड हलवला तर होता तसा ठेवा. आपल्याकडे अभयारण्यात, गडकिल्ल्यांवर किंवा गर्दीच्या ठिकाणी परवानगीवाचून डबा लपवण्याचा प्रयोग करू नका. बेवारस डबा दिसला की पोलिसांना धावपळ करावी लागते.

एवढी काळजी घेतली तर ही फेरी करायलाच हवी अशी आहे. डब्यात सापडते ते बहुधा एखादे प्लास्टिकचे खेळणे, जुने नाणे आणि अनोळखी माणसांच्या सह्यांनी भरलेली ओलसर वही. पण तिथवर जाताना नातवाला अक्षांश-रेखांश कळतात, आजोबांच्या पायांना चाल मिळते आणि जंगलातली ती भिंत एकेकाळच्या शेताचा बांध होती हे दोघांनाही समजते. वहीत सही करा, डबा परत ठेवा आणि घरी पोहोचल्यावर आधी मोजे काढून पाहा.